श्वासाला श्वास

१

दुपारी एकच्या ठोक्याला गावातली दुकानं बंद होत आणि चारपर्यंत रस्त्यावर कुत्रंही फिरकत नसे. या तीन तासांत कोणाला मरायचं असलं तरी तो चार वाजेपर्यंत थांबतो, असं चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणत. कुलूप लावताना त्यांचं आणखी एक वाक्य ठरलेलं होतं. "चला कारागीर, धंदा डोळ्यांचा आहे, जरा मिटून घेऊ." मग ते स्वतःच हसत. हा विनोद त्यांनी आजवर किती नोकरांना ऐकवला असेल कोण जाणे, पण नवा कारागीर रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा आणि तेवढ्यावर मालक खूश होते. शिवाय माणसाचा हात हलका होता. चष्मा कानामागे बसवून तो बाजूला झाला तरी गिऱ्हाईक डोळे मिटून वाट बघत बसलेलं असे.

हात हलका असायला तसंच कारण होतं. एकोणीस वर्षं या माणसाने झोपलेल्या लोकांच्या अंगावरचे दागिने काढण्याचा धंदा केला होता आणि त्या धंद्यात त्याला फुंकर म्हणत. गावात हे नाव कोणालाच माहीत नव्हतं. ते तसंच राहावं म्हणून तर तो इथे येऊन राहिला होता.

इतर चोर रात्रीचे, फुंकर दुपारचा. रात्री माणसं कड्याकुलपं लावून झोपतात. दुपारी जेवण अंगावर आलेलं असतं, दार नुसतं लोटलेलं असतं, आणि भर उजेडात कोणी घरात शिरेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. फुंकर चपला बाहेर काढून आत जायचा, पलंगाशी उकिडवा बसायचा आणि पहिली पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. तेवढा वेळ तो झोपलेल्याच्या श्वासाला श्वास लावायचा. त्याने आत घेतला की आपण आत, त्याने सोडला की आपण बाहेर. दोन्ही श्वास एक झाले की झोपलेल्या माणसाला जवळ कोणी आहे हे कळत नाही. मग एका बोटाने मानेवरचे केस बाजूला सारायचे आणि श्वास बाहेर जाताना मागचा आकडा सोडवायचा. एकोणीस वर्षांत एकही माणूस जागा झाला नव्हता. तुरुंगात तो दोनदा गेला, पण दोन्ही वेळा विकणाऱ्याच्या चुकीने, स्वतःच्या नव्हे, हे तो आवर्जून सांगत असे.

शेवटचं काम एका बंगल्यातल्या म्हातारीचं. मोत्यांचा सर, मधोमध अंगठ्याएवढा पाचू. बोभाटा फार झाला, तेव्हा चोरीचा माल घेणाऱ्याने निरोप पाठवला की चार महिने कुठेतरी मूग गिळून बस, मग बघू. फुंकरने ते ऐकलं, कारण या वेळी त्याला घाई नव्हती, हेतू होता. बायको गेल्यापासून त्याची मुलगी मामाकडे वाढत होती. आता ती सतराची झाली होती. सर विकायचा, धंदा सोडायचा, अशाच एखाद्या गावात स्वतःचं चष्म्याचं दुकान टाकायचं आणि तिला आपल्याजवळ आणायचं, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं. बापाकडे राहायला ती तयार होईल की नाही, हा विचार मात्र तो टाळत असे.

२

खोली माडीवर होती. एका मोठ्या खोलीला मधोमध फळ्या ठोकून दोन केल्या होत्या. अलीकडे फुंकर, पलीकडे घरमालकीण, नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्याच्या वाट्याला एक लोखंडी खाट, एक टेबल, एक ठिबकणारा नळ आणि रस्त्यावरची खिडकी आली होती. खिडकीवर पत्रा होता. मोत्यांचा सर खाटेच्या पोकळ पायात होता आणि पायाला खालून रबरी टोपण होतं.

दुपारी फुंकरला झोप येत नसे. धंद्याची सवय, सगळे झोपले की हा टक्क जागा. तो खाटेवर पडून पत्र्यावरचा कावळा ऐकायचा, नळ ऐकायचा, पलीकडून नर्सबाईंचं बारीक घोरणं ऐकायचा. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी कावळा उडाला, नर्सबाई कुशीवर वळल्या आणि घोरणं थांबलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपला श्वास जरा जाड ऐकू येतोय.

त्याने श्वास रोखला. आवाज थांबला. पण जिन्यात आपण थांबल्यावर मागचा माणूस अर्ध्या पावलाने थांबतो, तितक्या उशिराने थांबला.

फुंकर देवाधर्माच्या वाटेला न जाणारा माणूस. त्याने डोकं चालवलं. पत्र्यावर आवाज घुमत असेल. नळाच्या नळीत हवा असेल. त्याने नळ घट्ट पिळला, खिडकी लावली, पुन्हा आडवा झाला आणि पुन्हा श्वास रोखून पाहिला. या वेळी काहीच उशीर झाला नाही, सगळं एकदम थांबलं, तेव्हा त्याला बरं वाटलं. आवाज चुकांमधून शिकलाही असेल, हे त्याच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी दाढी करताना आलं आणि गालावर वस्तरा लागला.

३

"पाहुणे आलेत वाटतं," नर्सबाईंनी जिन्यात विचारलं.

"माझ्याकडे? नाही बुवा."

"मला काय करायचंय म्हणा, येऊ देत की. फक्त पाणी जपून वापरा म्हणावं." त्यांनी पिशवी खालच्या पायरीवर टेकवली. "आधी मला वाटलं तुम्ही एकटेच आहात. दोघं अगदी एका लयीत श्वास घेता ना. पण बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी, अंधारात उभी राहून कोणत्या खाटेचा श्वास अडतोय ते सांगायची. दोन आहेत ते. तुमचा पोटातून येतो. दुसरा वरच्यावर, गळ्यापाशी."

"गळ्यापाशी म्हणजे?"

"म्हातारं माणूस आहे का कोणी?" त्यांनी सहज विचारलं. "तसा शेवटी शेवटी लागतो. दाखवून घ्या डॉक्टरांना."

फुंकरने कानावर हात ठेवले. खोलीत आपण एकटेच असतो, पत्रा घुमतो, असं सांगितलं. नर्सबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारे रुग्ण त्यांनी पोत्याने पाहिले होते. त्या म्हणाल्या, "बरं, पत्रा तर पत्रा," आणि पिशवी उचलून वर गेल्या.

४

काचा बांधायला दुकानात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असे. गुरुवारी एक जोडी बांधताना फुंकरला आपल्याच कामाची बातमी दिसली, दीड महिन्यापूर्वीची. चोरी झाली त्या दिवसानंतरचे पेपर त्याने मुद्दाम वाचले नव्हते, उगीच चेहऱ्यावर दिसायला नको म्हणून. आता त्याने कागद काउंटरवर पसरून वाचला.

म्हातारी वारली होती. घातपात नव्हे, वयच झालं होतं. संध्याकाळी चहा घेऊन गेलेल्या सुनेला ते कळलं आणि सर गेल्याचंही तेव्हाच कळलं. त्यापुढे एक ओळ होती. डॉक्टरांच्या मते मृत्यू सकाळी दहाच्या सुमारास झोपेतच झाला असावा. सासूबाईंना उठवलेलं खपत नसल्याने दिवसभर कोणी खोलीत गेलं नव्हतं.

फुंकरला आधी हसू आलं. एवढी कारागिरी, तीही मेलेल्या माणसावर. उगीच बोटं ऊब येईपर्यंत चोळली, उगीच पाच मिनिटं बसलो.

मग हसू थांबलं. तो त्या खोलीत शिरला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच मिनिटं तो पलंगाशी बसला होता आणि श्वासाला श्वास लावला होता. तो श्वास त्याला चांगला आठवत होता. संथ, वरच्यावर, शेवटी नाकात किंचित अडणारा. म्हातारीची मान गार होती, पण म्हाताऱ्या माणसांच्या माना गारच असतात. अंगावर चादर होती, छाती हलताना काही त्याने पाहिली नव्हती. त्याने फक्त ऐकलं होतं.

डॉक्टर चुकला असेल. पेपरवाले तर दहाचे बारा करतात. म्हातारी तीननंतर गेली असेल, आपण निघाल्यावर गेली असेल. असं त्याने चार-पाच प्रकारे लावून पाहिलं आणि प्रत्येक प्रकार पटला. तरी त्याने ती दहाची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"काय कारागीर, बातमी जोरदार दिसते," मालक आतून म्हणाले.

"जुनी आहे," फुंकर म्हणाला आणि त्याच कागदात काचा गुंडाळल्या.

५

त्या दिवशी दुपारी त्याने खाट कलती करून सर बाहेर काढला. आपल्या या वागण्याची त्याला लाज वाटत होती, पण दार बंद होतं आणि बघायला कोणी नव्हतं. त्याने सर उशीवर मांडला, पाचू वर येईल असा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराकडे तोंड करून, जमिनीवर बसला.

"तुमचं तुम्ही घेऊन जा," तो हळूच म्हणाला. म्हातारी होती म्हणून आपसूक 'तुम्ही' तोंडात आलं. "मी वळणार नाही."

नळ ठिबकत होता. पत्र्यावर ऊन तापून बारीक आवाज होत होते. फुंकर बसल्या जागी स्वतःचा श्वास ऐकत होता आणि त्यात दुसरा होता, आता लपवायची पर्वा न करता असलेला. उशीकडे तो नव्हताच. तो त्याच्या मानेमागे होता, हातभर अंतरावर, कोणी उकिडवं बसलं की जेवढ्या उंचीवर येईल तेवढ्या उंचीवर.

जवळजवळ पाच मिनिटं फुंकर हलला नाही. किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. पाच मिनिटं सरायच्या आत तो उठला, दार उघडून जिन्यात गेला आणि चार वाजेपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिला.

सर उशीवर तसाच होता. एक मोतीही हलला नव्हता. माणूस श्वासाला श्वास लावतो तो काहीतरी काढून घेण्यासाठी, दुसरं कारणच नाही. सर तर समोर मांडून ठेवला होता. मग काय काढून घ्यायचं होतं, हे त्याला समजेना आणि त्याची पाचावर धारण बसली. खोली सोडावी, गाव सोडावं, असं त्याने ठरवलंही. पण टेबलावर मामाचं पत्र येऊन पडलं होतं. त्याने बोलावल्याप्रमाणे मुलगी शनिवारच्या गाडीने निघत होती.

६

तिला घरात ठकी म्हणत. फुंकरने तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गाडीतून उतरली ती त्याच्या खांद्याच्या वर आलेली, केस आखूड कापलेली, दोन्ही हातांनी बॅग धरलेली. त्याने बॅग घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "असू दे, जड नाहीये."

"मामी काय म्हणाली?"

"आठ दिवसांचं बोलणं झालंय. रविवारी परत यायचं म्हणाली."

"नाहीतर?"

"नाहीतर मामा घ्यायला येणार." ती चालता चालता त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच चष्म्याच्या दुकानात आहात? का मला सांगायला म्हणून?"

त्याने तिला दुकान दाखवलं. मालकांनी तिला खुर्चीवर बसवून तिचे डोळे तपासले, चष्मा लागत नाही म्हणून हळहळले आणि डोळे मिटून घेण्याचा विनोद तिलाही ऐकवला. ठकी हसली नाही. बापाच्या हलक्या हाताचं मालकांनी तोंड भरून कौतुक केलं तेव्हा मात्र तिने बापाच्या हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला सगळं माहीत होतं. फुंकरला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि तिला आपल्याजवळ ठेवायचंच हेही तेवढंच पक्कं झालं.

खाट त्याने तिला दिली, आपण दाराशी चटई टाकली. शनिवार गेला, रविवार गेला. दुपारी तो चटईवर पडून कान देऊन राहिला. नळ, पत्रा, नर्सबाईंचं घोरणं, खाटेवर ठकीचा श्वास आणि इकडे आपला एकट्याचा, बारीक, साधा. त्याच्या जिवात जीव आला. एकट्या माणसाच्या डोक्यात काय काय शिरतं, असं म्हणून त्याने स्वतःला दोन शिव्या घातल्या, आणि सोमवारी कित्येक वर्षांनी त्याला दुपारची झोप लागली.

ठकीही सैल पडली होती. नर्सबाईंशी तिचं जमलं. बाप चहात साखर फार घालतो म्हणून तिने डबा आपल्या ताब्यात घेतला.

७

बुधवारी काचांचं पार्सल उशिरा आलं म्हणून फुंकरला दुकानातून निघायला दोन वाजले. माडीवर आला तेव्हा ठकी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. त्याने सवयीने चपला बाहेरच काढल्या, दार आवाज न करता लोटलं आणि पाणी प्यायला नळाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याचे पाय थांबले.

ठकीचा श्वास जाड येत होता.

तो ऐकत राहिला. चुकायला वावच नव्हता, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम होतं. खाली ठकीचा श्वास, तरुण, भरलेला. त्यावर अगदी बेमालूम बसवलेला दुसरा, संथ, वरच्यावर, शेवटी नाकात किंचित अडणारा. कुठेही फट नव्हती. इतकं सफाईदार लावणं त्याला स्वतःलाही जमलं नसतं. चार दिवस खोलीत शांतता होती ती तो आवाज गेला म्हणून नव्हती. ठकीचा श्वास त्याला शिकायला वेळ लागत होता.

खाटेशी कोणी नव्हतं. खिडकीतून ऊन येऊन उशीवर पडलं होतं. त्या उन्हात ठकीच्या मानेवरचे आखूड केस एका बाजूला सरकले. वारा नव्हता. केस एका रेषेत, सावकाश, एकाच बोटाने सारावेत तसे सरकले आणि तिची उघडी मान दिसली. गळ्यात काही नव्हतं. साखळी नाही, दोरा नाही, काहीही नाही.

झोपलेल्याला जागं होऊ द्यायचं नाही, हा एकच नियम फुंकरने आयुष्यभर पाळला होता. त्यामुळे ओरडायला लागतं ते त्याला चटकन जमलंच नाही. तोंड उघडलं आणि घशातून हवाच आली. ठकीने श्वास सोडला. तो फार लांब होता.

"ठके!" तो किंचाळला. "ऊठ! ठके, ऊठ!"

८

ती उठली. पटकन नाही, पण उठली, डोळे चोळले आणि म्हणाली, "काय झालं बाबा?"

फुंकर खाटेवर बसून रडला. तिचे हात, खांदे, मान पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होता. मान गार होती, तर त्याने ती चोळून गरम केली. पलीकडून नर्सबाईंनी फळीवर थाप मारली.

"कोणाला काय झालं?"

"काही नाही," फुंकर म्हणाला. "पोरीला वाईट स्वप्न पडलं."

"मला वाटलं तुम्हालाच पडलं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून फळीपलीकडूनच म्हणाल्या, "पोरगी खाली गेली का? एकट्याचाच येतोय आवाज."

"इथेच आहे," फुंकर म्हणाला. त्याने त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण ठकीने त्याचे डोळे पुसायला रुमाल पुढे केला होता. आल्यापासून तिने पहिल्यांदाच आपण होऊन हात पुढे केला होता. मग ती उठली, स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला आणि त्याला हवी तेवढी साखर घातली. कप त्याच्या हातात देऊन ती आपला कप घेऊन समोर स्टुलावर बसली. उन्हात तिचा चेहरा शांत दिसत होता.

"बाबा, मी विचार केला," ती म्हणाली. "मामीला पत्र टाकते. मी आता जात नाही. तुमच्याजवळच राहते."

हेच तर त्याला हवं होतं. सर, दुकान, चार महिने तोंड लपवणं, सगळं या एका वाक्यासाठी होतं. त्याने हसण्यासाठी तोंड उघडलं, आणि तेव्हा नर्सबाईंचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरलं. खोलीत ते दोघं होते. त्याने ऐकलं. एकच श्वास येत होता, त्याचा स्वतःचा, जरा जाड.

फुंकरने श्वास रोखला.

समोर ठकीची छाती थांबली. ती त्याच्याकडे प्रेमाने बघत होती, कप दोन्ही हातांत धरून. चहाची वाफ तिच्या तोंडासमोरून सरळ वर जात होती. त्याने मनात वीसपर्यंत मोजलं, मग चाळीसपर्यंत. कानात दडे बसले, डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले. ती हलली नाही. तिला काही त्रास होत नव्हता.

"श्वास घे गं," तो कसाबसा पुटपुटला. "ठके, श्वास घे."

"तुम्ही घ्या आधी," ती म्हणाली.

त्याने शक्य होतं तेवढा वेळ धीर धरला. मग त्याने श्वास घेतला, आणि तिनेही घेतला.